बोट कसली, अकरा मजली चाळ!

प्रवासात पाहण्यासारखे काय असते, असे कुणी विचारले तर लोक किल्ले, लेणी, धबधबे अशी यादी सांगतात. माझ्या मते खरी पाहण्यासारखी असतात ती बरोबरची माणसे. लेणी दोन हजार वर्षे जागची हललेली नाहीत, ती पुढच्या वर्षीही पाहता येतील. पण शेजारच्या बाकावर बसून सहाव्यांदा "आता कुठलं स्टेशन?" म्हणून विचारणारे काका पुन्हा भेटायचे नाहीत. एस.टी.त हा कार्यक्रम चार-पाच तास चालतो, रेल्वेत एक रात्र. बोटीवर मात्र तो तीन रात्री अखंड चालतो आणि मुख्य म्हणजे मध्येच कंटाळून कुणाला उतरता येत नाही.

आम्ही २०२४च्या दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-गोवा-मुंबई अशी बोटीची सहल केली. आम्ही म्हणजे मी, आमचे हे, दोन मुले, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात. पैसे भिशीचे. दीड वर्ष भिशी भरली, नंबर लागला, आणि कपाट घ्यायचे की फ्रीज बदलायचा यावर घरात वाद सुरू झाला. तेव्हा धाकटी म्हणाली, "आप्पांना बोटीतून नेऊ या." आप्पांनी मुंबईच्या गोदीत बत्तीस वर्षे जहाजे भरली आणि रिकामी केली. त्यामुळे कपाट आणि फ्रीज दोन्ही मागे पडले.

मुंबई ते गोवा समुद्रातून सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. रेल्वे हेच काम एका रात्रीत उरकते. पण बोटीला घाईच नसते. "पैसे जास्त आणि पोचायला उशीर, याला सहल म्हणतात का?" असे सासूबाईंनी निघतानाच विचारून घेतले.

बॅलार्ड पिअरला पोचलो तर रांग मारुतीच्या शेपटीएवढी. बाहेरचे खाणे बोटीवर नेता येत नाही, ही बातमी रांगेत वाऱ्यासारखी पसरली आणि पुढच्या क्षणी दोनशे डबे एकदम उघडले. एका गुजराती कुटुंबाकडे चार दिवसांचे थेपले होते. ते टाकून देणे त्यांच्या जिवावर आले, म्हणून त्यांनी ते वाटायला सुरुवात केली. आम्ही चकली दिली. मागच्या पंजाबी बाईंनी पिन्नी दिली. तपासणीच्या यंत्रापर्यंत पोचेतो साऱ्या रांगेचे जेवण झाले होते आणि निम्म्या लोकांची ओळखही. बोटीवरचा पहिला घास पोटात जायच्या आधीच लोक ढेकर देत होते.

आमच्या खोल्या सर्वांत स्वस्त, म्हणजे आतल्या, बिनखिडकीच्या. माझे लहानपण डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळीत गेले. तिथली खोली १६० चौरस फुटांची. ही त्याहूनही लहान! दोन पलंग खाली, एक भिंतीतून निघणारा वर. फरक एवढाच की संडास-बाथरूम आत. बाहेर लांबच लांब पट्टा, दोन्ही बाजूंना एकसारखी दारे. मला एकदम माहेरी आल्यासारखे वाटले. आमचे हे म्हणाले, "चाळीतून सुटण्यासाठी वीस वर्षं हप्ते भरले, आणि आता पैसे देऊन पुन्हा चाळीत!"

चाळ म्हटली की खोल्या चुकणे आलेच. पहिल्या संध्याकाळी आमच्या दारात तीन अनोळखी माणसांनी चावी लावून पाहिली. चौथे गृहस्थ आत येऊन पलंगावर बसले, बूट काढले आणि मग सासूबाईंकडे बघून "तुम्ही इथे कशा?" असे विचारते झाले. दुसऱ्या दिवशी लोकांनी उपाय काढला. कुणी दारावर ओढणी बांधली, कुणी प्लॅस्टिकचे फूल, एकाने चक्क मिरची-लिंबू. आमच्या थोरल्याने वहीचा कागद चिकटवला, "इथे तुमची खोली नाही."

बोट सुटण्याआधी कवायत असते. भोंगा सात वेळा तोकडा आणि एकदा लांब वाजतो, की सगळ्यांनी आपापल्या नेमलेल्या जागी जमायचे. टायटॅनिक १९१२ साली बुडाली, त्यानंतर १९१४ साली पहिला आंतरराष्ट्रीय सुरक्षा करार झाला, तेव्हापासून या शिस्तीला जोर आला. २०१२च्या जानेवारीत इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली. त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. म्हणून २०१५ पासून ती बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते.

हे सगळे गंभीर. पण आपली माणसे गंभीर राहतील तर शपथ! भोंगा वाजताच अर्धे लोक फोटो काढू लागले. एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, बुडायला लागली वाटतं, लवकर चहा घ्या." एका रंगाच्या टी-शर्टमधले पन्नास-साठ पुरुष आले होते. कुठल्याशा कंपनीने विक्रेत्यांना बक्षीस म्हणून सहल दिलेली. त्यांनी "हिप हिप हुर्रे" केले. सासूबाई मात्र कान देऊन ऐकत होत्या. त्या दापोली तालुक्यातल्या. १९४७च्या १७ जुलैला रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती गोष्ट त्यांनी वडिलांकडून लहानपणी ऐकलेली. त्यांनी दोन्ही खोल्यांतली जॅकेटे कपाटातून काढून मोजली. सहाच्या सहा भरली, तेव्हाच त्या चहाला आल्या.

जुन्या कोकण बोटीशी तुलना करणे हा सासूबाईंचा चार दिवसांचा उद्योग होता. त्यांच्या लहानपणी बोट हर्णैला किनाऱ्याला लागत नसे, लांब समुद्रात उभी राही. माणसे पडावातून तिथवर जात. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी दंडाला धरून माणसाला वर ओढून घेई. डेकवर जागा मिळेल तिथे वळकटी टाकायची. शेजारी कोंबड्या, आंब्याच्या पेट्या आणि ओकणारी माणसे. पावसाळ्यात बोट बंद. "आणि इथे बघा," त्या म्हणाल्या, "मला हाताला धरून लिफ्टमधून चढवतात. कोंबडी आहे, पण शिजवलेली."

आता जेवणाविषयी. वाढून घ्यायचे टेबल पाहिले की शहाणा माणूससुद्धा शहाणा राहत नाही. एक काका होते. त्यांचे नाव आम्ही मापाडीकाका ठेवले. त्यांनी तिकिटाची रक्कम जेवणांच्या संख्येने भागली होती आणि एका वेळी किती खाल्ले म्हणजे पैसे वसूल होतात याचा हिशेब खिशातल्या चिठ्ठीवर होता. सकाळी ते इडल्यांपासून सुरुवात करत. आठव्या इडलीला त्यांचा चेहरा पडे, पण निश्चय ढळत नसे. बायको म्हणे, "अहो पुरे." ते म्हणत, "अजून चाळीस रुपये बाकी आहेत." तिसऱ्या दिवशी ते फक्त ताक पीत बसलेले दिसले. हिशेब तोट्यात गेला होता.

दुसरे टॉवेलराव. वरच्या मजल्यावर पोहण्याचा तलाव. आमच्या गावच्या विहिरीएवढा, पण भोवती आरामखुर्च्या. टॉवेलराव पहाटे पाचला उठून चार खुर्च्यांवर चार टॉवेल टाकून पुन्हा झोपायला जात ते थेट दहाला येत. लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरणाऱ्या मुंबईकराला यात नवीन काही नाही. पण लोकलमध्ये रुमालवाला निदान पुढच्या स्टेशनला चढतो! रोज सकाळी तिथे भांडण होई आणि टॉवेलराव जिंकत.

तिसऱ्या सिंगापूरकर बाई. या मूळच्या मुंबईच्याच, पण सिंगापूरहून सुटणाऱ्या बोटीने एकदा जाऊन आलेल्या. प्रत्येक वाक्याची सुरुवात "सिंगापूरच्या बोटीवर" अशी. सिंगापूरच्या बोटीवर सूप गरम असते, सिंगापूरच्या बोटीवर समुद्र निळा असतो. पहिल्या रात्री जेवणाच्या मोठ्या दालनात त्या आमच्या टेबलावर आल्या. आम्हा सहाजणांना वरपासून खालपर्यंत पाहून झाल्यावर त्यांनी गोड आवाजात विचारले,

"आपण कोणत्या ग्रुपबरोबर आलात?"

"आमचाच ग्रुप. सहाजणांचा."

"नाही, म्हणजे कंपनीतर्फे का?"

"नाही, भिशीतर्फे," आमचे हे म्हणाले.

बाईंना ती कंपनी माहीत नसावी. मग त्यांनी आप्पांना विचारले, "आणि आजोबा, आपण काय करत होता?" आप्पा म्हणाले, "गोदीत होतो. जहाजं भरायचो." त्यावर त्या "अच्छा" म्हणाल्या आणि सूप गार असल्याचे त्यांच्या एकदम लक्षात आले.

त्या 'अच्छा'चा अर्थ आप्पांना कळला नसेल असे नाही. मुळात ते त्या दालनात यायलाच तयार नव्हते. "खोलीतच दोन पोळ्या खाऊ" म्हणत होते. वाढणाऱ्या मुलाने मागून खुर्ची सरकवली तर आप्पा उठून उभे राहिले. त्यांना वाटले, खुर्ची हवी असेल दुसऱ्या कुणाला. जेवण झाल्यावर त्यांनी टेबलावरच्या सगळ्यांच्या ताटल्या एकात एक रचल्या, चमचे वर ठेवले आणि ढीग उचलून निघाले. तो मुलगा धावत आला. रत्नागिरीकडचा होता. हळूच म्हणाला, "आजोबा, ठेवा खाली. माझी नोकरी घालवता का?" सगळे हसले. आप्पाही हसले, पण ताटल्या हातातून सोडायला त्यांना जरा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी आप्पा सकाळपासून बेपत्ता. शोधले तर ते जिन्याखाली त्याच मुलाशी आणि एका नेपाळी सफाई कामगाराशी बोलत होते. बोलणे कसले, युनियनची बैठकच! "करार किती महिन्यांचा? ओव्हरटाईम मिळतो का? झोपायला खोली कुठे?" पोरे दबकत सांगत होती. करार कित्येक महिन्यांचा, आणि तेवढा काळ घर नाही. राहायचे खालच्या मजल्यावर, एका खोलीत दोघे-तिघे. जहाजावरच्या कामगारांसाठी २००६ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आहे, तो २०१३ साली अमलात आला, आणि भारताने २०१५ साली तो मान्य केला. चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असे त्यात आहे. त्या मुलाने हे आप्पांना सांगितले तेव्हा आप्पा खूश झाले. "कागदावर आलं ना? मग मागायला तोंड मिळालं," म्हणाले. त्यानंतर आमच्या टेबलावर आप्पांना न मागता दुसरी खीर येत होती. सिंगापूरकर बाईंना मागूनही येत नव्हती.

किनारा दूर गेला तशी मोबाईलची रेंज गेली आणि बोटीवर हाहाकार उडाला. लोक हात उंच करून, जणू पावसाची वाट पाहत, डेकवर फिरू लागले. एक जण तर खुर्चीवर चढला. बोटीवरचे इंटरनेट पैसे भरून मिळते, ते महाग. म्हणून तासाभराने लोकांनी नाइलाजाने एकमेकांशी बोलायला सुरुवात केली. आमच्या थोरल्याला शोध लागला की आपल्या आजीला पत्त्यांत फसवता येते. आणि त्याहून मोठा शोध म्हणजे आजी त्याला जास्त फसवते.

गोव्याबद्दल जास्त लिहीत नाही. मुरगाव बंदराला बोट लागली, बसने फिरवून आणले. सगळ्यांनी काजू घेतले. आप्पा मात्र बसमध्ये चढेपर्यंत मागे वळून धक्क्याकडेच पाहत होते.

खरी गंमत परतीच्या रात्री झाली. समुद्र एरवी शांत, पण त्या रात्री बोट जरा डुलू लागली. आठ वाजता नाचगाण्याचा कार्यक्रम होता. साडेआठला नाचणारे कमी झाले. नऊला प्रेक्षकही कमी झाले. दारूच्या टेबलावरचे टी-शर्टवाले एकेक करून भिंत धरत निघाले. सगळ्यांचे चेहरे त्यांच्या टी-शर्टच्या रंगाचे, म्हणजे हिरवे झाले होते. मळमळण्याचे कारण साधे आहे. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा अवयव असतो. तो सांगतो, बोट हलते आहे. डोळे खोलीच्या भिंतीकडे पाहून सांगतात, काही हलत नाही. दोघांच्या भांडणात पोटाचे हाल. दिवसा उघड्यावर येऊन क्षितिजाकडे बघत राहावे, म्हणजे डोळे आणि कान यांची समजूत पटते. बोट टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त हलते, मध्यभागी आणि खाली कमी.

हे गणित आप्पांना कुठल्या पुस्तकातून नव्हे, बत्तीस वर्षांत खलाशांच्या तोंडून कळले होते. आणि आमच्या स्वस्तातल्या बिनखिडकीच्या खोल्या नेमक्या मध्यभागी, खालच्या बाजूला! वरच्या गॅलरीवाल्या खोल्यांतले महागडे प्रवासी गडबडा लोळत असताना आमचा पट्टा त्यातल्या त्यात स्थिर होता. आप्पांनी जिन्यात उभे राहून हुकूम सोडला, "वरचे सगळे खाली या. पट्ट्यात बसा. पडून राहा." रात्री अकराला आमच्या दाराबाहेर गालिच्यावर टॉवेलराव, मापाडीकाका, चार टी-शर्टवाले आणि सिंगापूरकर बाई ओळीने बसले होते. अगदी वाडीच्या बैठकीसारखे. सासूबाई आल्याच्या वड्या घेऊन ओळीतून फिरत होत्या. त्या वड्या तपासणीतून आत कशा आल्या, हे मी इथे लिहिणार नाही.

सिंगापूरकर बाईंनी वडी चघळत डोळे मिटले. सासूबाईंनी विचारले, "सिंगापूरच्या बोटीवर हलत नाही का हो?" बाई म्हणाल्या, "हलते. मी चारही दिवस पडून होते." एवढे बोलून त्यांनी सासूबाईंच्या खांद्यावर डोके टेकले. बिचारीने आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणाला सांगितले असावे.

मग रात्र सरेपर्यंत गप्पा. टी-शर्टवाल्यांनी आप्पांना गोदीविषयी विचारले आणि आप्पा सुटले. हातात लोखंडी आकडा, खांद्यावर पोते, जहाजाच्या पोटात उतरलेली टोळी, वरून येणारी विंचची साखळी. साखरेच्या पोत्यांनी खांदा चिकट होई, सिमेंटने सोलवटे. मग कंटेनर आले. १९८९ साली न्हावा शेवाचे बंदर सुरू झाले आणि जे काम टोळीला लागे ते एक क्रेन करू लागली. "गोदी हळूहळू मुकी झाली," आप्पा म्हणाले. मापाडीकाकांनी लगेच विचारले, "एका पाळीत किती पोती व्हायची?" आप्पांनी सांगितले, ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून घेतले. इडल्यांच्या हिशेबाच्या मागच्या बाजूला.

सकाळी मुंबई आली. पहाटेच्या धुक्यात खांदेरीचे दीपगृह दिसले, १८६७ सालचे. मग कुलाब्याकडचे प्राँग्जचे, १८७५चे. लोक डेकवर जमले. टॉवेलराव पाचलाच येऊन चारही खुर्च्या धरून बसले होते. आप्पा दिसताच ते उठले, पुढच्या खुर्चीवरचा टॉवेल काढला आणि म्हणाले, "आप्पा, बसा. इथून नीट दिसतं." आप्पा बसले. भोवती पंधरा-वीस माणसे उभी. आप्पा बोट दाखवून सांगत होते, ती इंदिरा गोदी, १९१४ सालची. तिकडे प्रिन्सेस डॉक होता, १८८० सालचा. दोरखंड धक्क्यावर फेकले तेव्हा सगळ्यांनी मोबाईल वर केले. आप्पांनी मात्र दोरखंड झेलणाऱ्या माणसाला हात केला. त्यानेही खालून केला. बहुधा ओळखीचा नसेल, पण धंदा एकच.

एवढ्यात रेंज आली. एका क्षणात सगळ्या माना खाली गेल्या आणि बोट मुकी झाली. तरी टी-शर्टवाल्यांनी आप्पांना मध्ये घेऊन फोटो काढलाच. सिंगापूरकर बाईंनी आल्याच्या वड्यांची कृती लिहून घेतली. आता त्यांच्या पुढच्या प्रवासात वाक्ये "मुंबईच्या बोटीवर" अशी सुरू होतील, याची मला खात्री आहे.

वाचकहो, कधी जमले तर जरूर जा. मधली, खालची, बिनखिडकीची खोली घ्या. ती स्वस्त असते आणि कमी हलते. आठव्या इडलीच्या आधी थांबा. ताटल्या उचलू नका, पण उचलणाऱ्याचे नाव जरूर विचारा.

घरी आल्यावर शेजाऱ्यांनी आप्पांना विचारले, कशी झाली सहल? आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लहानपणी बोटीत बसलो तो लोकांच्या पायांत. गोदीत होतो तेव्हा जहाजाच्या पोटात. या खेपेला खुर्चीत बसलो."

सासूबाई आतून ओरडल्या, "आणि तीही टॉवेलरावांच्या!"